नोंदवहीत नसलेला रकाना

मंडळी, आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटेल की लेकीकडे अमेरिकेला जाऊन आल्यापासून बाईंचं काहीतरी बिनसलंय. आयुष्यभर इतिहास शिकवला, पानिपत आणि १८५७ सोडून कधी इकडेतिकडे गेल्या नाहीत आणि आता लिहायला बसल्या तर कशावर, बेसबॉलवर! पण थोडा धीर धरा. हाही इतिहासच आहे. नोंदी कोण ठेवतं, कशाच्या ठेवतं, आणि ज्याची नोंद होत नाही त्या माणसाचं काय होतं, याचा हा इतिहास आहे.

झालं असं की बाल्टिमोरच्या मैदानावर नातू आम्हा दोघांना सामना बघायला घेऊन गेला. खेळ मला काडीचाही कळत नव्हता. आमचे हे तर तिसऱ्या इनिंगलाच पेंगायला लागले. मी आपली लोकांचे टी-शर्ट आणि खाण्याचे प्रकार बघत बसले होते. आठव्या इनिंगला एकदम सगळे उठून उभे राहिले. दूरच्या भिंतीतलं एक लहानसं दार उघडलं आणि त्यातून एक माणूस धावत मैदानात आला. आधीचा चेंडू टाकणारा मान खाली घालून निघून गेला.

"हा कोण रे? बदली खेळाडू?" मी विचारलं.

"आजी, हा रिलीव्हर. पहिल्याने घोळ केला ना, की हा तो साफ करायला येतो," नातू त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला.

दुसऱ्याने घातलेला घोळ निस्तरायला येणारा माणूस! त्या एका वाक्याने मला त्या खेळात रस वाटायला लागला. त्या क्षणी मला आमच्या शाळेतल्या एका बाईंची आठवण झाली. त्यांच्याबद्दल शेवटी सांगते. आधी गोष्ट ऐका हॉइट विल्हेल्म नावाच्या माणसाची, कारण या दारातून धावत येणाऱ्या लोकांचा मूळपुरुष म्हणावा तर तोच. आणि तो याच बाल्टिमोर संघाकडून काही वर्षं खेळला होता.

पण त्याआधी ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने फलंदाजी करतात आणि तीन जण बाद झाले की पाळी संपते. चेंडू टाकणारा तो पिचर. आपल्याकडे षटकागणिक गोलंदाज बदलतो, तसं इथे नाही. एकच पिचर टाकत राहतो आणि एकदा त्याला बाहेर काढलं की त्या सामन्यात तो परत येऊ शकत नाही. फलंदाजाच्या मागे वाकून बसतो तो कॅचर, म्हणजे साधारण आपला यष्टिरक्षक. एवढं पुरे.

पूर्वी अशी समजूत होती की पिचरने सामना सुरू केला की त्यानेच तो संपवायचा. साय यंग नावाचा एक थोर पिचर १८९० ते १९११ या काळात खेळला. त्याने ८१५ सामने सुरू केले आणि त्यांतले ७४९ शेवटपर्यंत स्वतः टाकून संपवले. हा मर्दपणाचा मापदंड. मग मध्येच दुसऱ्याला बोलवायची वेळ कधी यायची? पहिल्याचा पार धुव्वा उडाला तर. आणि बोलवायचं कोणाला? जो सुरुवात करण्याच्या लायकीचा नाही त्याला, किंवा ज्याचा हात आता म्हातारा झाला आहे त्याला. मैदानाच्या कडेला हे लोक बसत त्या जागेचं नावच मुळी बुलपेन, म्हणजे बैलांचा कोंडवाडा!

हिशेबही तसाच ठेवला जाई. पिचरच्या नावापुढे जिंकलेले सामने, हरलेले सामने, बाद केलेले फलंदाज, दिलेल्या धावा असे रकाने. आता समजा, आपला संघ ३-२ असा पुढे आहे, आठवी इनिंग आहे, प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू तिन्ही बेसवर उभे आहेत. अशा वेळी एक जण येतो, तिघांना बाद करतो, पुढची इनिंगही सांभाळतो आणि सामना जिंकून देतो. विजय कोणाच्या नावावर? आधीच्या पिचरच्या. कारण तो गेला तेव्हा संघ पुढे होता. आणि सामना वाचवणाऱ्याच्या नावावर? काहीच नाही. रकानाच नव्हता तसा.

अपवाद होते. १९२४ साली वॉशिंग्टनच्या संघात फर्पो मारबेरी या पिचरला मुद्दाम शेवटी आणायची पद्धत पडली होती आणि त्या वर्षी वॉशिंग्टनने अजिंक्यपद मिळवलं. १९५० साली फिलाडेल्फियाचा जिम कॉन्स्टँटी हा तर रिलीव्हर असूनही आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण सगळी कारकीर्द या कामावर उभी करावी, असं कोणी मनात आणत नसे.

आता आपल्या नायकाकडे वळू.

हॉइट विल्हेल्मचा जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हंटर्सव्हिल गावचा. वडील दुसऱ्याची शेती कसणारे, घरात अकरा भावंडं. जन्मतारीख २६ जुलै १९२२. पण तो खेळत होता त्या काळात सगळीकडे साल छापलं जायचं १९२३. हे वाचून मला हसूच आलं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली एक जून ही तारीख किती जणांच्या दाखल्यावर आहे! माझ्या वर्गात एका वर्षी अर्धा डझन मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी होता. कागदावरचं वय आणि हाडांचं वय यांत फरक असणं ही काही फक्त आपलीच मिरासदारी नाही. तिकडे खेळाडू एखाददुसरं वर्ष कमी सांगत, कारण वय जास्त दिसलं की संघ दारात उभं करत नसत. म्हणजे या माणसाची पहिली नोंद, जन्माचीच, चुकीची होती.

शाळेत असताना त्याने वर्तमानपत्रात डच लिओनार्ड या पिचरबद्दल वाचलं. हा लिओनार्ड ‘नकलबॉल’ टाकायचा. वर्तमानपत्रात बोटं कशी धरायची ते दाखवलं होतं. विल्हेल्मने एक टेनिसचा चेंडू घेतला आणि तो धरून बघितला. चेंडू हवेत विचित्र डुगडुगला आणि पोराचं आयुष्य ठरून गेलं. कोणी गुरू नाही, शिबिर नाही. वर्तमानपत्र आणि टेनिसचा चेंडू.

हा नकलबॉल म्हणजे काय ते समजून घेण्यासारखं आहे. नाव ऐकून वाटतं बोटांच्या पेरांनी धरत असतील, पण प्रत्यक्षात चेंडू बोटांच्या टोकांनी, जवळजवळ नखांनी धरतात आणि ढकलल्यासारखा सोडतात. हेतू एकच, चेंडू फिरता कामा नये. नेहमीचा चेंडू स्वतःभोवती गरगर फिरत जातो, म्हणून त्याचा मार्ग बांधलेला असतो. वेगवान असो की वळणारा, फलंदाजाला अंदाज करता येतो. पण न फिरणाऱ्या चेंडूवर सत्ता चालते ती त्याच्या शिवणीची. शिवण ज्या बाजूला असेल त्या बाजूची हवा बिघडते आणि चेंडू तिकडे किंवा उलटीकडे सरकतो. वाटेत तो जेमतेम एखादा वेढा घेतो. तेवढ्यात शिवण दुसऱ्या बाजूला येते आणि चेंडू पुन्हा दिशा बदलतो. फलंदाजाला कळत नाही, कॅचरला कळत नाही आणि खरं सांगायचं तर टाकणाऱ्यालाही कळत नाही! नाव नकलबॉल, पण नकल करायला याच्याइतकी अवघड गोष्ट नाही.

आपल्या क्रिकेटवाल्यांना सांगायचं तर, श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात हाच चेंडू काढला होता आणि त्यावर बळीही मिळवले होते. फरक एवढाच की झहीर तो अधूनमधून फसवायला टाकायचा. विल्हेल्म जवळजवळ दुसरं काही टाकायचाच नाही.

१९४२ साली तो गावाजवळच्या मूर्सव्हिलच्या छोट्या व्यावसायिक संघात लागला. लगेच युद्धावर जावं लागलं. १९४४ च्या डिसेंबरात बेल्जियमच्या आर्देन जंगलात जर्मनांनी जो शेवटचा मोठा हल्ला केला, ती बल्जची लढाई दहावीच्या वर्गात मी कित्येक वर्षं फळ्यावर नकाशा काढून शिकवली आहे. त्या नकाशात माझ्या खडूच्या बाणांखाली हा मुलगा होता, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं! तो तिथे जखमी झाला. त्याला पर्पल हार्ट हे पदक मिळालं आणि बॉम्बगोळ्याचा एक तुकडा त्याच्या पाठीत कायमचा राहिला. पुढची सगळी कारकीर्द तो त्या तुकड्यासकट खेळला.

परत आला तेव्हा पुन्हा मूर्सव्हिल, पुन्हा छोटे संघ. १९४६ आणि १९४७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने वीस-वीस सामने जिंकले, तरी वरच्या लीगकडून बोलावणं येईना. कारण उघड होतं. नकलबॉल म्हणजे सर्कस, हा म्हाताऱ्यांचा चेंडू, वेगवान हात संपल्यावर टाकायचा, असा समज होता. पंचविशीतल्या पोराने तो टाकावा हे कोणाला पटेना. आज या संघाने घेतला, उद्या त्या संघाने, असं करत तो न्यूयॉर्क जायंट्सकडे आला आणि १९५२ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरला. वय एकोणतीस. या वयात बरेच पिचर उतरणीला लागलेले असतात.

जायंट्सचा व्यवस्थापक लिओ ड्युरोशर. त्याने विल्हेल्मला सुरुवात करायला दिलीच नाही. शेवटच्या दोन-तीन इनिंग टाक म्हणाला. त्याच महिन्यात एक गंमत घडली. मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा बॅट हातात घेतली आणि या पठ्ठ्याने चेंडू सरळ मैदानाबाहेर मारला. होमरन! त्यानंतर तो आणखी वीस वर्षं खेळला, एक हजाराहून अधिक सामने, आणि दुसरा होमरन त्याला कधीच मारता आला नाही. नशीब कधी कधी सगळी खिरापत पहिल्या दिवशीच वाटून मोकळं होतं.

पण पिचर म्हणून १९५२ साल त्याचंच होतं. ७१ सामने, त्यांतला एकही सुरुवातीपासून नाही, १५ जिंकले, ३ हरले. आणि नऊ इनिंगमागे सरासरी २.४३ धावा, म्हणजे अख्ख्या नॅशनल लीगमध्ये सगळ्यांत कमी. सामने सुरू करणारे सगळे दिग्गज खाली आणि घोळ निस्तरायला येणारा हा पहिला! १९५४ साली जायंट्सनी क्लीव्हलंडला ४-० असं हरवून अजिंक्यपद जिंकलं, त्यातला तिसरा सामना शेवटी याने सांभाळला.

आता जरा कॅचर मंडळींबद्दलही बोलायला हवं, कारण हिशेबाच्या वहीने त्यांच्यावरही अन्यायच केला. चेंडू कुठे जाणार हे टाकणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर पकडणाऱ्याला काय कळणार? पण हातून सुटलेला चेंडू कॅचरच्या नावावर लिहिला जातो. त्याला रकाना होता! १९५४ च्या सप्टेंबरमध्ये रे कॅट नावाच्या बिचाऱ्या कॅचरच्या हातून एकाच इनिंगमध्ये चार चेंडू सुटले. टाकत होता विल्हेल्म. पुढे तो बाल्टिमोरला आल्यावर १९५९ साली तिथल्या कॅचरांच्या हातून वर्षभरात ४९ चेंडू सुटले. शेवटी व्यवस्थापक पॉल रिचर्ड्सने १९६० मध्ये एक भलामोठा हातमोजा शिवून घेतला, परातीएवढा. त्याने चेंडू अडू लागले. पुढे १९६५ पासून नियमच आला की हातमोज्याचा घेर ३८ इंचांपेक्षा जास्त असता कामा नये. एका माणसाच्या चेंडूमुळे हातमोजा बदलला आणि त्या हातमोज्यामुळे नियमपुस्तक बदललं.

मी क्रम सोडून पुढे गेले. १९५७ मध्ये जायंट्सनी त्याला सेंट लुइसला देऊन टाकलं. सेंट लुइसने वर्षही पुरं होऊ दिलं नाही, क्लीव्हलंडला सोडलं. क्लीव्हलंडने १९५८ च्या ऑगस्टमध्ये बाल्टिमोरला. छत्तिशीतला माणूस, दीड वर्षात चौथा संघ. आपल्याकडे सतत बदली होणाऱ्या सरकारी नोकराला जसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरावं लागतं, तसंच.

आणि मग २० सप्टेंबर १९५८. बाल्टिमोरने त्याला चक्क सामना सुरू करायला दिला. समोर न्यूयॉर्क यँकीज, त्या काळातला सर्वांत बलाढ्य संघ. विल्हेल्मने नऊच्या नऊ इनिंग टाकल्या आणि यँकीजच्या एकाही फलंदाजाला एकही हिट, म्हणजे नीट मारून बेसवर पोचणं, जमू दिलं नाही. याला नो-हिटर म्हणतात आणि हा पिचरच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. बाल्टिमोरने सामना १-० असा जिंकला. तो एकमेव होमरन कोणी मारला? गस ट्रायँडॉसने, म्हणजे त्याचा नकलबॉल झेलता झेलता बोटं सुजवून घेणाऱ्या त्याच्याच कॅचरने. मला ही गोष्ट फार आवडली.

पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, बाल्टिमोरने त्याला बहुतेक सामने सुरूच करायला दिले. सरासरी २.१९. आता तो अमेरिकन लीगमध्ये पहिला. दोन्ही लीगमध्ये, एकदा रिलीव्हर म्हणून आणि एकदा सुरुवात करणारा म्हणून, असा अव्वल येणारा माणूस. तुम्ही म्हणाल, मग झालं की! सिद्ध झालं की तो हेही करू शकतो. मग पुन्हा त्याला त्या कोंडवाड्यात का बसवलं? कारण तोपर्यंत संघांना कळून चुकलं होतं की हा माणूस आठवड्यातून चार वेळा लागतो. सुरुवात करणारा पिचर एकदा टाकला की त्याला चार दिवस विश्रांती द्यावी लागते. नकलबॉलमध्ये हाताला ताण कमी, म्हणून याला आज बोलवा, उद्या बोलवा, परवाही बोलवा. गरज जास्त, म्हणून मान कमी. घराघरांत हेच चालतं, नाही का?

१९६३ च्या जानेवारीत बाल्टिमोरने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला दिलं. तेव्हा तो चाळिशीत होता. सगळ्यांना वाटलं, आता एखादं वर्ष. आणि इथून पुढे सहा वर्षं या माणसाने जे केलं ते मला अजूनही अजब वाटतं. १९६४ ते १९६८ अशी सलग पाच वर्षं त्याची सरासरी दोनच्या खाली होती. १९६७ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, १.३१! आणि नुसतं स्वतः टाकून थांबला नाही. विल्बर वूड नावाचा एक साधारण पिचर १९६७ मध्ये त्याच संघात आला. त्याला विल्हेल्मने समजावलं की नकलबॉल टाकायचा तर तोच टाक, बाकीचं सगळं सोड. वूडने ऐकलं आणि पुढे १९७१ ते १९७४ अशी चार वर्षं दरवर्षी वीस किंवा त्याहून अधिक सामने जिंकले. स्वतः वर्तमानपत्रावरून शिकलेल्या माणसाने दुसऱ्याला मात्र शेजारी बसवून शिकवलं. मी मास्तरीण असल्यामुळे असेल, पण त्या नो-हिटरपेक्षा मला हे मोठं वाटतं.

२४ जुलै १९६८ रोजी विल्हेल्म ९०७ व्या सामन्यात उतरला आणि साय यंगचा ९०६ सामन्यांचा विक्रम मोडला. एकाने जवळजवळ प्रत्येक सामना स्वतः संपवला. दुसऱ्याने आयुष्यभर बहुतांशी दुसऱ्याने सुरू केलेलेच सामने संपवले. आणि दोघं एकाच यादीत, एकाखाली एक.

आता रकान्याची गोष्ट.

शिकागोत जेरोम होल्ट्झमन नावाचा क्रीडा पत्रकार होता. १९५९ साली पिट्सबर्गच्या एलरॉय फेस या रिलीव्हरने १८ सामने जिंकले आणि एकच हरला. सगळीकडे वाहवा झाली. होल्ट्झमनने बारकाईने पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच सामन्यांत फेस आला तेव्हा संघ पुढे होता, त्याने ती आघाडी घालवली, मग त्याच्या फलंदाजांनी पुन्हा धावा केल्या आणि विजय फेसच्या नावावर लागला. म्हणजे ज्याने घोळ वाढवला त्याला गुण आणि ज्याने आघाडी जशीच्या तशी राखली त्याला शून्य! होल्ट्झमनने ठरवलं की राखलेल्या आघाडीचीही मोजणी व्हायला हवी. त्याने ‘सेव्ह’ नावाचा हिशेब काढला आणि १९६० पासून साप्ताहिकात छापायला सुरुवात केली. नऊ वर्षांनी, १९६९ मध्ये, बेसबॉलने तो अधिकृत केला. १९२० नंतर वहीत पडलेला हा पहिला नवा रकाना.

तारीख लक्षात घ्या. १९६९ मध्ये विल्हेल्म सत्तेचाळीस वर्षांचा झाला. त्याने आयुष्यभर जे काम केलं त्याला नाव मिळालं तेव्हा त्याची जवळजवळ सगळी कारकीर्द होऊन गेली होती. पुढे लोकांनी जुने धावफलक काढून मागचा हिशेब लावला तेव्हा त्याच्या नावावर २२८ सेव्ह निघाले. त्यांतले बहुतेक त्याने केले त्या दिवशी ते अस्तित्वातच नव्हते!

पुढची काही वर्षं पुन्हा बिऱ्हाड पाठीवर. कॅलिफोर्निया, अटलांटा, शिकागोचा दुसरा संघ, पुन्हा अटलांटा, शेवटी लॉस एंजेलिस. मे १९७० मध्ये त्याने हजारावा सामना टाकला. तिथवर पोचलेला तो पहिला पिचर. २१ जुलै १९७२ रोजी लॉस एंजेलिसने त्याला सोडलं. पन्नासाव्या वाढदिवसाला पाच दिवस बाकी होते. पण वाढदिवस पन्नासावा आहे हे छापील नोंदीत कुठे होतं? तिथे एकोणपन्नासावा होता. एकूण १,०७० सामने, १४३ विजय, त्यांतले १२४ मध्येच येऊन मिळवलेले आणि सरासरी २.५२.

मग प्रश्न आला हॉल ऑफ फेमचा, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीचा. पत्रकार मतं देतात, पंचाहत्तर टक्के लागतात. १९७८ पासून त्याचं नाव मतदानात होतं. एकही रिलीव्हर तोवर निवडला गेला नव्हता. १४३ विजय म्हणजे त्या यादीच्या मानाने फारच थोडे, असं मत देणाऱ्यांना वाटे. वर्षामागून वर्ष गेलं. १९८४ मध्ये तेरा मतं कमी पडली. १९८५ मध्ये, आठव्या वर्षी, तो निवडून आला. दारातून धावत येणाऱ्यांपैकी पहिला. तोवर यँकीजच्याच धाकट्या संघांत तो तरुण पिचरांना शिकवत होता, आणि पुढेही कित्येक वर्षं शिकवत राहिला. २००२ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडात वारला.

त्यानंतर दहा महिन्यांनी, ११ जून २००३ ला, एक गोष्ट घडली. १९५८ मध्ये विल्हेल्मने केलेल्या त्या नो-हिटरनंतर पंचेचाळीस वर्षं यँकीजविरुद्ध कोणालाही तसं जमलं नव्हतं. त्या दिवशी ह्यूस्टनने ते केलं. पण एका पिचरने नव्हे, सहा जणांनी मिळून. पहिल्याला दुसऱ्याच इनिंगमध्ये दुखापत झाली आणि उरलेले पाचही जण त्या लहानशा दारातून एकेक करत आले. सहाही जणांची नावं वहीत लागली. आणि २०१९ मध्ये यँकीजचा मारियानो रिव्हेरा, ६५२ सेव्ह करणारा रिलीव्हर, हॉल ऑफ फेममध्ये गेला तो शंभर टक्के मतांनी. असा मान तोवर कोणत्याही खेळाडूला मिळाला नव्हता, सुरुवात करणाऱ्यालाही नाही आणि षटकार-होमरनवाल्यालाही नाही. ज्या कामाला १९५२ मध्ये रकाना नव्हता, त्या कामावर सगळ्यांचं एकमत झालं.

आता आमच्या बाईंबद्दल सांगते. नाव लिहीत नाही.

त्या आमच्या शाळेत सव्वीस वर्षं होत्या आणि त्यांना स्वतःचा वर्ग असा कधी मिळालाच नाही. कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कोणी आजारी पडलं, कोणी वर्ग पार बिघडवून ठेवून नोकरी सोडली, की तो वर्ग यांच्याकडे. मार्चमध्ये निकालाच्या तोंडावर मिळालेला वर्ग त्या सावरायच्या आणि जूनमध्ये तो दुसऱ्या कोणाच्या नावावर जायचा. शिवाय रोजचे ऑफ तास. वेळापत्रक मीच करायची. सातवी ‘ड’ मध्ये गोंधळ चाललाय म्हटलं की माझं बोट आपोआप त्यांच्या नावावर जायचं. त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण माझ्याकडे होतं. आमची पद्धत अशी की बोर्डाचे निकाल काढायचे आणि अमुक वर्षी इतके टक्के, तमुक वर्षी इतकी मुलं गुणवत्ता यादीत, असं सांगायचं. मी आदल्या दिवशी ऑफिसातल्या वह्या काढून बसले. सव्वीस वर्षांच्या निकालांत त्यांचं नाव वर्गशिक्षिका म्हणून एकदाही नव्हतं. बदली तासांची एक वेगळी वही असायची, पण ती वर्ष संपलं की रद्दीत. मग मी भाषणात मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष वगैरे चार शब्द बोलले, शाल दिली, नारळ दिला आणि खाली बसले. त्या नेहमीसारख्या हसल्या. मला तेव्हा काही वाटलं नाही, हे मी आज कबूल करते.

बाल्टिमोरला नातू म्हणाला, पहिल्याने घोळ केला की हा साफ करायला येतो, तेव्हा ते भाषण मला पहिल्यांदा खरं खरं आठवलं. सव्वीस वर्षांत त्यांनी किती वर्ग सावरले असतील? त्या वह्या मी ठेवल्या असत्या तर मोजता आलं असतं. विल्हेल्मचे जुने धावफलक कोणीतरी जपून ठेवले होते, म्हणून त्याचा हिशेब मागाहून तरी लागला. आमच्या बाईंचे धावफलक आम्हीच दर जूनला रद्दीवाल्याला घातले.

परत आल्यावर मी त्यांना फोन केला. आता त्या लेकाकडे असतात, ऐकायला थोडं कमी येतं. मी त्यांना हे सगळं सांगायला लागले, बेसबॉल, नकलबॉल, सेव्ह. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, ती सातवी ‘ड’ आठवते का हो? फार गोड पोरं होती."

मला ती सातवी ‘ड’ आठवत होती ती फक्त तक्रारींमुळे. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जायचं ठरवलं आहे. सोबत एक कोरी वही नेणार आहे. त्यांना आठवतील तेवढे वर्ग आणि तेवढी वर्षं आपण लिहून काढू, असं त्यांना म्हणणार आहे. तुमच्यापैकी जे आमच्या शाळेतले असतील त्यांनी आपापल्या वर्गाची आठवण मला जरूर कळवा. त्यांच्या नावापुढे लिहीन.